साराबाईंचा होकार

"थांब, थांब. ते परत वाच," साराबाई म्हणाल्या. "आम्हाला टाकलं म्हणतोय, की नाही टाकलं म्हणतोय?"

मिशनच्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पायांवर सूज, छातीत पाणी झालेलं. जीभ मात्र शाबूत. मी शेजारी स्टुलावर बसून बायबलातलं प्रेषिताचं पत्र मोठ्यानं वाचत होतो.

"नाही टाकलं म्हणतोय," मी म्हटलं. "पण झाडाच्या काही फांद्या तोडल्या, त्या तुमच्या. आणि त्या जागी रानातल्या झाडाच्या फांदीचं कलम बांधलं, ते आमचं."

"तुमचं? घाटावरच्यांचं?" त्या खो खो हसल्या आणि मग बराच वेळ खोकत बसल्या. "अरे शांत्या, माझा बाप आंब्याची कलमं बांधायचा. फांदी घ्यायची ती चांगल्या झाडाची आणि बांधायची रायवळाच्या रोपावर. हा उलटंच करतोय. रानातली फांदी आणून चांगल्या बुंध्यावर! कोण हा माळी? त्याला माझ्या बापाकडे पाठवायला हवा होता चार दिवस."

आता या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली. माझं नाव शांतवन ओहोळ. त्या वेळी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि खारपेठ नावाच्या कोकणातल्या एका बंदराच्या गावी मिशनचा उपदेशक होतो. मूळचा मी नगरकडचा. खारपेठेत आमची ख्रिस्ती घरं चाळीस आणि बेने इस्रायलांची तीसेक. त्यांच्या आळीला इस्रायल आळीच म्हणत. मराठी बोलणारे, भात-मासळी खाणारे, शनिवारी कामाला हात न लावणारे हे यहुदी लोक कोकणात कधी आले ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. मला तिथं पाठवलं होतं ते मुख्यतः त्यांच्यासाठीच. तीन वर्षांत एकही माणूस गळाला लागला नव्हता. दरसालच्या अहवालात 'नवे बाप्तिस्मे' म्हणून एक रकाना असे, तो मी तीन वर्षं कोरा पाठवला होता.

आणि जानेवारीत माझी पाळकपदाच्या दीक्षेची परीक्षा होती. विषय दिला होता: देवाची निवड, माणसाची मोकळी इच्छा आणि इस्रायल लोक. देवाच्या मनात काय भरलं होतं कुणास ठाऊक, पण परीक्षेचा अभ्यास मी एका इस्रायल बाईच्या उशाशी बसून करत होतो. तिला दिसत नव्हतं म्हणून कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं, आणि मला कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"साराबाई, तुम्हाला नाही का वाटत, देवानं तुम्हाला निवडलं हे केवढं भाग्य?"

"भाग्य! घरात पाच सुना असतात आणि सासू ऊठसूट एकीलाच हाक मारते. ती निवडलेली. पाणी तिनंच आणायचं आणि बोलणीही तिनंच खायची. बाकीच्या चौघी मजेत."

"मग त्या सुनेला नाही म्हणायची मोकळीक आहे की नाही? आमच्या मंडळीत यावरच भांडण चाललंय."

"तोंडानं नाही. मनातल्या मनात म्हणायला कोण अडवतंय? मी सत्तर वर्षं म्हणतेय." त्या जरा थांबल्या. "आणि तरी शुक्रवार आला की दिवा लावतेच. आता बोल."

मी ते वहीत लिहून घेतलं नाही. परीक्षेत असलं उत्तर चालत नाही.

"आणि एक ऐक," त्या माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या. "तू मला पाण्यात बुडवायला टपलायस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तू लेकरू आहेस म्हणून राग येत नाही इतकंच. माझा नवरा तिकडे टेकडीखाली आमच्या कबरस्तानात आहे आणि त्याच्या डाव्या अंगाची जागा माझी आहे. रूबेनला सांगून ठेवलंय. तिथंच जायचंय मला. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. हे बुधवारी झालं.

रूबेन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. रूबेन नागावकर, सुतार. आमच्या चर्चमधले सगळे बाक त्याच्या हातचे, वेदीसमोरचं मेजही त्याचंच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. खारपेठेत आल्यावर पहिल्या महिन्यात मला हिवताप आला तेव्हा मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. साराबाईंनी रूबेनच्या हाती आठ दिवस पेज पाठवली. तेव्हापासून मी त्या घरातला झालो. त्याची बायको मोझेलवहिनी मला ताटात वाढताना विचारत नसे, किती हवं म्हणून. हे सगळं मुद्दाम सांगतोय. मी कुणा परक्याशी तसा वागलो असतो तर निदान थोडं हलकं वाटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळपासून साराबाईंची शुद्ध गेली. रूबेन रात्रभर खाटेपाशी होता. शुक्रवारी सकाळी सातला मी गेलो तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"तू जरा बस इथं," तो म्हणाला. "मी घरी जाऊन अंग धुऊन येतो आणि मोझेलला घेऊन येतो. परक्या माणसाला बसवायला मन होत नाही. तू घरचाच."

तो गेला. सिस्टर डॉक्टरला बोलवायला गेली. वॉर्डातल्या बाकीच्या दोन बायका झोपलेल्या. साराबाईंचा श्वास घशात घरघरत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत नजर नव्हती.

मी काय केलं ते सरळ सांगतो. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि विचारलं, "साराबाई, तुम्ही त्याला तारणारा म्हणून स्वीकारता का?" काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. हात हातात घेऊन म्हटलं, "नुसतं बोट हलवा." बोटही हललं नाही. मग मी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, त्यांच्या कपाळावर तीनदा ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणून टाकले. दीक्षा न झालेल्या उपदेशकाला तेवढा एकच अधिकार असतो, मरणाच्या दारी असलेल्यापुरता. पाणी कानात गेलं. मी ते माझ्या रुमालानं टिपून घेतलं, आणि रुमाल घाईघाईनं खिशात घातला.

का केलं? माझं त्यांच्यावर प्रेम होतं. ते खोटं नाही. त्या वेळी माझी खरोखर खात्री होती की पाण्यावाचून गेल्या तर ही बाई कायमची आगीत जाईल. आणि त्याच क्षणी मला तो कोरा रकानाही दिसत होता. दोन्ही एकदमच होतं. पुढं मी पुष्कळ वर्षं त्यातलं पहिलंच तेवढं खरं मानायचा प्रयत्न केला.

पंधरावीस मिनिटांत त्या गेल्या. रूबेन आणि मोझेलवहिनी आले तेव्हा सिस्टर चादर वर ओढत होती. रूबेननं येताना माझ्यासाठी किटलीत चहा आणला होता. तो भिंतीला टेकून रडला, मग डोळे पुसून म्हणाला, "चहा घे. निवेल." मी घेतला. बोललो काही नाही.

तिथून मी थेट पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलो.

रेव्हरंड मकासरे म्हणजे उंच, कडक, पांढरी मिशी कापून बारीक केलेली. साऱ्या मंडळीला त्यांचा धाक. देवानं सृष्टीच्या आधीच कोणाला तारायचं ते ठरवून ठेवलंय, माणसाच्या हो-नाहीला त्यात कवडीची किंमत नाही, हे त्यांचं मत. मी सांगितलं तेव्हा ते उठूनच उभे राहिले.

"साराबाई? ती? अरे, ती तर माझ्या तोंडावर मला 'कोल्हा' म्हणाली होती!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. "कबुली दिली तिनं? शुद्धीवर होती?"

"हो, साहेब."

"स्वखुशीनं?"

"स्वखुशीनं."

शब्द असे आले, जसे कुणी आधीच जिभेवर ठेवले होते. साहेबांनी तिथल्या तिथं मंडळीची वही उघडून नाव लिहिलं आणि दवाखान्यात चिठ्ठी पाठवली: मयत आमच्या मंडळीची सभासद आहे, अंत्यविधी आमच्याकडून होईल, तोवर प्रेत कुणाच्या ताब्यात देऊ नये.

आता इथं वेळेचं सांगायला हवं. यहुदी लोक मयत शक्य तर त्याच दिवशी पुरतात. त्यात तो शुक्रवार. सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो, मग दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत ना खड्डा खणता येतो, ना माती लोटता येते, ना शोक करता येतो. डिसेंबरचे दिवस, सहाला सूर्य बुडायचा. रूबेननं दहा वाजल्यापासून माणसं लावून टेकडीखाली खड्डा खणून घेतला, आळीतल्या बायकांनी आंघोळीचं पाणी तापवलं, कफन शिवलं. दोन वाजता तो चार माणसं आणि मयताची खाट घेऊन दवाखान्यात गेला, तर दारावरच्या माणसानं चिठ्ठी दाखवली.

तीनच्या सुमाराला तो बंगल्याच्या व्हरांड्यात आला. बरोबर त्यांचे मुकादम शालोमशेठ होते, त्यांच्या मशिदीचे प्रमुख. हे लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. आमच्याकडून पाळकसाहेब, मी आणि लुकस खरात. खरात म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, मंडळीचे कारभारी, आणि पाळकसाहेबांचे जन्माचे विरोधक. खरातांचं म्हणणं, देव कुणावर जबरदस्ती करत नाही, माणसानं स्वतः हो म्हटल्याखेरीज काही खरं नाही. या दोघांचं या विषयावर अकरा वर्षं वाजत होतं. एकदा तर नाताळच्या जेवणात वाजलं होतं.

"साहेब, आई आमची आहे," रूबेन हात जोडून म्हणाला. "खड्डा तयार आहे. चिठ्ठी मागं घ्या. सहाच्या आत आम्हाला माती द्यायची आहे."

"रूबेन, तुझ्या आईनं मरताना प्रभूला स्वीकारलं," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "शांतवननं बाप्तिस्मा दिला."

रूबेननं माझ्याकडं पाहिलं. मी व्हरांड्याच्या खांबाकडं पाहिलं.

"एक मिनिट," खरात मध्येच म्हणाले. "बाई कालपासून बेशुद्ध होती असं सिस्टर म्हणते. ती हो म्हणाली हे कशावरून?"

"म्हणाली काय आणि न म्हणाली काय!" पाळकसाहेब उसळले. "जगाच्या आधीपासून तिची निवड झाली असेल तर पाणी पडलं ते बरोबर जागी पडलं. कुंभारानं कुठलं मडकं कशाला करायचं ते मडक्याला विचारायचं का?"

"मग माझ्या म्हशीवर घाला की तांब्याभर! तिचीही निवड झाली असेल."

"हवालदार, इथं मयत झालंय. तोंड सांभाळा."

"तुम्ही शास्त्र सांभाळा. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा कबुलीवाचून होत नाही, हा आपल्याच मंडळीचा नियम आहे. तुम्हीच सही केली आहे त्यावर. जबरीनं पाणी घातलं तर तो बाप्तिस्मा नव्हे, ती आंघोळ. आणि ज्या उपदेशकानं तसं केलं, त्याला मी दीक्षेच्या पायरीवर उभा राहू देणार नाही. हे आजच सांगून ठेवतो."

मला आश्चर्य वाटलं, पण पाळकसाहेबांनी मान डोलावली. "नियम आहे, खरं आहे. नियमाबाहेर मी जाणार नाही. शांतवन, सांग."

तेवढ्यात शालोमशेठ पहिल्यांदा बोलले. म्हातारा माणूस, काठीवर दोन्ही हात. "आमच्या बाजूचंही ऐकून घ्या. बाईनं आपल्या मर्जीनं धर्म सोडला असेल तर तिला आमच्या लोकांत जागा द्यायला आळी तयार होणार नाही. भांडण होईल. आणि मर्जीनं सोडला नसेल, तर आम्ही तिला दवाखान्यातून खांद्यावर घेऊन जाऊ, तुमची चिठ्ठी असो नाहीतर नसो. त्यानं सांगावं."

म्हणजे बघा. एक देवाची निवड मानणारा, एक माणसाची इच्छा मानणारा, आणि एक दोन्हीशी देणंघेणं नसलेला. तिघंही फिरून फिरून माझ्याच तोंडाशी येऊन थांबले. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. साराबाई टेकडीखाली गेल्या असत्या, नवऱ्याच्या डाव्या अंगाला. माझी दीक्षा गेली असती, आणि मी नगरला परत जाऊन कुठंतरी शाळामास्तर झालो असतो. एवढंच.

"म्हणाल्या," मी सांगितलं. "शुद्ध आली होती थोडी."

"काय म्हणाल्या? शब्द सांग," खरात म्हणाले.

"'माझा विश्वास आहे' असं म्हणाल्या."

"आईनं असं म्हटलं?" रूबेनचा आवाज फार हळू होता. "विश्वास आहे? ती कोळणीच्या मासळीवरसुद्धा विश्वास ठेवत नसे. कल्ले उचकटून बघायची." मग तो माझ्याजवळ आला. "सकाळी मी तुला चहा दिला. तू प्यायलास. तेव्हा का नाही बोललास?"

"तुला दुःख होईल म्हणून."

त्यानं मान डोलावली, जसं काही पटलंच. मग पाळकसाहेबांकडं वळला आणि तो ताठ माणूस चक्क त्यांच्या पायांशी वाकला. "साहेब, झालं ते झालं. तुमच्या वहीत नाव राहू द्या. मी हरकत घेत नाही. पण तिला बाबांच्या शेजारी नेऊ द्या. मुकादमांचे पाय धरून मी बघतो."

"तिनं ज्याला पत्करलं त्याच्याच लोकांत ती निजेल," पाळकसाहेब त्याला उठवत म्हणाले. "तिची इच्छा मोडायचा अधिकार तुलाही नाही आणि मलाही नाही."

इच्छा! घटकाभरापूर्वीपर्यंत ज्या माणसाच्या लेखी इच्छेला कवडीची किंमत नव्हती, तो बोलत होता हे. आणि खरात, इच्छेचे कैवारी, तेही मान हलवत होते, कारण आता त्यांच्याही नियमात सारं बसलं होतं. अकरा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या थापेवर. शालोमशेठनी उन्हाकडं पाहिलं, रूबेनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. शब्बाथ लागेल." टेकडीखालचा खड्डा त्यांनी सूर्यास्ताआधी तसाच बुजवला, असं मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी आठला आम्ही साराबाईंना आमच्या दफनभूमीत पुरलं. पेटी दवाखान्याच्या कोठीत तयार होती. दवाखान्याच्या साऱ्या पेट्या रूबेनच करून द्यायचा, ही पण त्याचीच. मोठी झाली थोडी. त्यांच्यात पेटी नसतेच, नुसतं कफन असतं, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

रूबेन कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा होता. शनिवारचे धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी. शब्बाथच्या दिवशी त्यांना शोक करता येत नाही, सदरा फाडता येत नाही, मूठभर माती उचलून टाकता येत नाही. म्हणून तो नुसता उभा होता. पाळकसाहेबांनी लांबलचक उपदेश केला. तुटलेली फांदी पुन्हा आपल्या झाडाला कशी जोडली गेली, देवाची निवड आणि माणसाचा होकार यांचा कसा सुंदर मिलाफ झाला, वगैरे. शेवटची प्रार्थना मला करायला लावली. मी केली. चांगली झाली असं सगळे म्हणाले. सगळे पांगल्यावर मी कुंपणाकडं पाहिलं तेव्हा तो निघून गेला होता.

रविवारी उपासनेनंतर लोकांनी माझे हात हातात घेतले. खरातांनीसुद्धा. जानेवारीत दीक्षा पक्की, असं पाळकसाहेब चारचौघांत बोलले, आणि तशी ती झाली. मी छत्तीस वर्षं पाळक होतो. निवड आणि इच्छा या विषयावर मी पुष्कळ वेळा बोललो आहे, लोक वह्या घेऊन बसायचे. नागावकर मंडळी दोन वर्षांनी गाव सोडून इस्रायलला गेली. पुढं रूबेनचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं.

पण खरी गोष्ट त्या रविवारी दुपारची आहे. इतका वेळ जे सांगितलं ते अजूनही कुणाला कळवळून सांगता येईल. तरुण होतो, घाबरलो, कात्रीत सापडलो. हे पुढचं तसं नाही.

जेवून मी इस्रायल आळीत गेलो. रूबेनच्या घरी आरशावर चादर टाकलेली होती. तो जमिनीवर चटईवर बसला होता, पाय उघडे, दाढी वाढलेली, सदरा गळ्यापासून छातीपर्यंत फाडलेला. त्यांच्यात आईबाप गेले की आरसा झाकून सात दिवस असं बसतात, कामाला हात लावत नाहीत. मोझेलवहिनी दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. एरवी अशा घरात माणसांची रीघ असते. तिथं कुणी नव्हतं.

"शालोमशेठ म्हणाले, बसू नकोस," रूबेन म्हणाला. "आपल्यातून गेलेल्या माणसासाठी बसत नाहीत म्हणे. मी म्हटलं, आई आहे. बघू." त्यानं चटईवर हात ठेवला. "बस."

मी बसलो.

"शांतवन, एकच विचारतो. आता काही बदलायचं नाही. ती आहे तिथं राहू दे, मी तिला उकरून काढणार नाही. पाळकांना सांगणार नाही, मुकादमांना सांगणार नाही. मोझेल आहे, तीही बोलणार नाही. तुझी दीक्षा तुला लखलाभ. मला फक्त कळू दे. आई खरंच हो म्हणाली? नसेल म्हणाली तर मी सात दिवस बसेन आणि अकरा महिने तिच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणेन, एकटा म्हणावा लागला तरी. म्हणाली असेल तर मला तिच्या मर्जीविरुद्ध काही करायचं नाही. जिवंतपणी कधी केलं नाही."

मोझेलवहिनींचा हात तांदळात थांबला होता.

आता मला कुणाची भीती नव्हती. खरात नव्हते, साहेब नव्हते, नियम नव्हता. खरं बोलायला एक पैसाही पडत नव्हता. आणि समोरच्या माणसानं माफीसुद्धा आधीच देऊन टाकली होती. जगाच्या आधी कुणी काय ठरवलं होतं ते असो, त्या चटईवर मला कुणीही ढकललं नव्हतं. तीन दिवस मी ती गोष्ट सांगत होतो, लोक माझे हात दाबत होते, आणि मला ती गोष्ट आवडायला लागली होती. एवढंच कारण. दुसरं मला आजवर सापडलेलं नाही.

"हो," मी म्हणालो. "स्पष्ट म्हणाल्या."

रूबेन गुडघ्यांवर हात टेकून उठला. आरशावरची चादर त्यानं ओढून काढली आणि घडी घातली.

"अहो, हे काय? आज पहिलाच दिवस आहे," मोझेलवहिनी म्हणाल्या.

"तिला नकोय, मोझेल. तिनं सांगितलंय."

त्यानं अंगातला फाटका सदरा डोक्यावरून काढला आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवला. "हा शिवून टाक. उद्या कामावर घालायला लागेल."

"आईसाठी फाडलेलं शिवत नाहीत हो," त्या रडायला लागल्या. "कधीच शिवत नाहीत."

"शीव म्हटलं ना."

तो उघड्या अंगानं मागच्या पडवीत गेला आणि थोड्या वेळानं तिकडून रंध्याचा आवाज यायला लागला. मोझेलवहिनींनी सुपातले तांदूळ बाजूला सारले, कोनाड्यातून सुईदोरा काढला. डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना नेढं दिसेना, दोनतीनदा दोरा चुकला. मग त्यांनी सुई माझ्यापुढं धरली आणि मी ती ओवून दिली.